गाडी घेण्यापूर्वी : ताकद, मायलेज आणि उपयोग यांचा हिशेब

दुकानावर बसले की आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतो, "सेठ, गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "कशासाठी घ्यायची आहे?" या प्रश्नावर बहुतेक जण थोडा वेळ गप्प बसतात आणि मग गाडीचे नाव, रंग आणि मासिक हप्ता सांगू लागतात. काम काय, हे कोणी सांगत नाही. सुताची गोणी घेताना जो माणूस काउंट विचारतो, वजन करून घेतो, चार ठिकाणी भाव काढतो, तोच माणूस सहा-आठ लाखांची गाडी शोरूममध्ये अर्ध्या तासात पसंत करून येतो. ही चूक आम्हीही केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. म्हणून आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी हा हिशेब मांडत आहोत.

गाडीकडून माणसाच्या तीन अपेक्षा असतात. घाटात आणि महामार्गावर ती दमू नये, म्हणजे ताकद. पंपावर खिसा रिकामा करू नये, म्हणजे मायलेज. आणि आपले रोजचे काम तिने मुकाट्याने करावे, म्हणजे उपयोग. या तिन्ही गोष्टी एका गाडीत पूर्ण मिळत नाहीत, कारण त्या एकमेकींना ओढत असतात. ताकद वाढवली की इंधन जास्त लागते. मायलेजसाठी गाडी हलकी आणि लहान केली की जागा कमी होते. जागा मोठी घेतली की वजन वाढते आणि पुन्हा ताकद लागते. तेव्हा "सर्वांत चांगली गाडी कोणती" हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या कामाला या तिन्हींपैकी काय किती हवे, हा खरा प्रश्न आहे.

आधी वही, मग शोरूम

गाडी पाहायला जाण्यापूर्वी एक महिनाभर वही ठेवावी. रोज कोठे गेलो, किती किलोमीटर झाले, बरोबर किती माणसे होती, माल किती होता, रस्ता कसा होता, एवढेच लिहावे. आज जी गाडी आहे, किंवा जी रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल वापरतो, तिचाच हिशेब लिहावा. महिना संपला की बेरीज करावी.

आमची वही आम्ही पहिल्यांदा केली तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटले. आमची समजूत होती की आम्ही सतत मुंबई आणि भिवंडीच्या रस्त्यावर असतो. प्रत्यक्षात महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांपैकी २१ दिवस गाडी मालेगावच्या बाहेर गेलीच नव्हती. घर, दुकान, यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग आणि ट्रान्सपोर्टचे गोदाम एवढीच तिची धाव होती. तीन दिवस मनमाड आणि धुळे, आणि फक्त दोन दिवस नाशिकच्या पुढे. त्या दोन दिवसांच्या विचाराने आम्ही गाडी घेतली होती आणि एकवीस दिवस ती गल्लीत अडकत होती.

घरच्या लग्नकार्याचेही तसेच आहे. वर्षातून चार वेळा सात माणसांना घेऊन जायचे म्हणून सात आसनांची गाडी वर्षभर पोसणे हे शहाणपणाचे नाही. त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

ताकद म्हणजे काय?

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण हा आकडा इंजिन पूर्ण जोरात, मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेरे घेत असतानाचा असतो. आपण गाडी तशी चालवत नाही. आपले इंजिन बहुतेक वेळ दीड ते अडीच हजार फेऱ्यांवर असते. त्या ठिकाणी ते किती ओढते, हे दुसऱ्या आकड्यावरून कळते. त्याला टॉर्क म्हणतात. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने काम करतो त्याचे माप.

एक उदाहरण घेऊ. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,३०० किलो आहे आणि वीस फुटांना एक फूट अशी चढण आहे. ही गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने वर न्यायची तर चढण, चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण २० अश्वशक्ती लागते. त्याच चढणीवर पुढच्या ट्रकला मागे टाकायचे असेल तर ३५ च्या आसपास लागते. म्हणजे ६५ अश्वशक्तीची एक लिटरची छोटी गाडीही कसाऱ्याचा घाट चढू शकते. मग ती दमते का?

हे आम्हाला आमच्या मिस्त्रीने समजावले. आम्ही तक्रार घेऊन गेलो होतो की घाटात गाडी मरते. तो आमच्याबरोबर बसला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "सेठ, इंजिनात काही खराबी नाही. तुम्ही चौथा गिअर सोडत नाही, ही खराबी आहे." त्याचे म्हणणे खरे होते. एक लिटरचे पेट्रोल इंजिन दोन हजार फेऱ्यांवर फार तर २० ते २२ अश्वशक्ती देते. गिअर खाली घेऊन तेच चार हजारांवर नेले की पंचेचाळीसच्या वर देते. उलट सव्वा लिटरचे टर्बो डिझेल इंजिन दोन हजारांवरच पन्नासच्या आसपास देत असे. म्हणून डिझेलची गाडी गिअर न बदलता चढते आणि माणसाला वाटते की ती फार ताकदवान आहे. कागदावर दोघींची अश्वशक्ती जवळजवळ सारखीच असते.

गिअरचे महत्त्व पटत नसेल तर टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती आठवावा. २००५ साली ती गाडी आली तेव्हा तिचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन फक्त १६ अश्वशक्तीचे होते आणि पाऊण टन माल वाहण्यासाठी ती बनवली होती. वेग कमी, गिअर जड, पण माल पोचत असे. कामाला किती ताकद लागते, याचा हा चांगला धडा आहे.

सीएनजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेच इंजिन गॅसवर साधारण दहा ते पंधरा टक्के कमी ताकद देते. पेट्रोलवर ६५-६७ अश्वशक्ती देणारे एक लिटरचे इंजिन सीएनजीवर ५६-५७ वर येते. गावात हा फरक जाणवत नाही. चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना चढणीवर जाणवतो. म्हणून गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. चार धडधाकट माणसे बसवून, एसी लावून, जवळच्या चढणीवर किंवा उड्डाणपुलावर गाडी चालवून पाहावी. रिकाम्या गाडीची चाचणी म्हणजे ताग्याची घडी न उघडता कापड पसंत करण्यासारखे आहे.

मायलेजचा आकडा आणि खिशातला आकडा

कंपनी जे मायलेज सांगते ते खोटे नसते, पण ते रस्त्यावरचे नसते. आपल्या देशात ही चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होते. गाडी रोलरवर ठेवून ठराविक वेळापत्रकाप्रमाणे चालवली जाते. तिचा सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि आजवर ही चाचणी एसी बंद ठेवून घेतली जात आली आहे. तेथे मोहल्ल्यातील गर्दी नसते, खड्डे नसतात, मागच्या सीटवर कापड नसते. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, कारण सर्वांची परीक्षा एकसारखी होते. खर्च काढायला मात्र तो चालत नाही. आम्ही हिशेबासाठी त्या आकड्याचे तीन-चतुर्थांशच धरतो.

आपल्या गाडीचे खरे मायलेज काढण्याची रीत सोपी आहे. टाकी भरावी आणि पंपाचा नळ पहिल्यांदा आपोआप थांबला की तेथेच थांबावे. किलोमीटर लिहून ठेवावेत. तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीप्रमाणे चालवून त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरावी. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा ही सरासरी जास्त भरवशाची आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मायलेजचा विचार "लिटरला किती किलोमीटर" असा करू नये. "किलोमीटरला किती रुपये" असा करावा. पहिल्या पद्धतीत डोळे फसतात. समजा एक गाडी लिटरला १० वरून १२ वर आली आणि दुसरी २० वरून २५ वर गेली. ऐकायला दुसरीचा फायदा मोठा वाटतो. पण हजार किलोमीटरला पहिलीत १०० ऐवजी ८३ लिटर लागतात, म्हणजे १७ लिटर वाचले. दुसरीत ५० ऐवजी ४० लागतात, म्हणजे १० वाचले. ज्याची गाडी आज फार खाते, त्यानेच आधी बदलावी. चांगले मायलेज देणारी जुनी गाडी थोड्या जास्त आकड्याच्या मोहाने विकण्यात बहुधा तोटाच होतो.

आता सीएनजीचा हिशेब पाहू. वॅगन आरचे एक लिटरचे इंजिन पेट्रोलवर लिटरला २४.३५ आणि सीएनजीवर किलोला ३४.०५ किलोमीटर देते, असे कंपनीचे आकडे आहेत. आपण प्रत्यक्षात १८ आणि २५ धरू. हिशेबापुरता पेट्रोलचा भाव १०५ रुपये लिटर आणि सीएनजीचा ८५ रुपये किलो समजू. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे आणि सीएनजीचा ३ रुपये ४० पैसे पडतो. वाचले २ रुपये ४३ पैसे. कंपनीची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा ९५ हजार रुपयांनी महाग आहे असे धरले तर हे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सुमारे ३९ हजार किलोमीटर लागतात.

ज्याची धाव महिन्याला २,५०० किलोमीटर आहे त्याचे पैसे सोळा महिन्यांत परत येतात. १,००० किलोमीटरवाल्याला सव्वातीन वर्षे लागतात. आणि ज्याची धाव ४०० किलोमीटर आहे त्याला आठ वर्षे. शेजाऱ्याने सीएनजी घेतली म्हणून आपण घ्यायची, असे करणाऱ्यांनी आधी आपली वही उघडून पाहावी. आपल्या पंपाचे भाव आणि आपल्या शोरूमची किंमत घालून हा हिशेब कोणालाही पाच मिनिटांत करता येईल.

सीएनजीबरोबर इतर गोष्टीही येतात. डिकीत ६० लिटरचा सिलिंडर बसला की त्यात प्रत्यक्ष सात ते नऊ किलो गॅस मावतो आणि सामानाची जागा जाते. २०२३ साली टाटा अल्ट्रोझमध्ये डिकीच्या तळाखाली दोन लहान सिलिंडर बसवण्याची पद्धत आली, तिने ही अडचण बरीच कमी केली आहे. पंप किती दूर आहे आणि रांग किती असते, हेही पाहिले पाहिजे. रोज अर्धा तास रांगेत गेला तर दुकानदाराच्या वेळेची किंमत कोण धरणार? शिवाय सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती टाळू नये, तो आपल्या आणि मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डिझेलचे दिवस छोट्या गाड्यांपुरते जवळजवळ संपले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. ते पाळणारे डिझेल इंजिन महाग पडते, म्हणून मारुतीने तेव्हापासून डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. ज्या कंपन्यांकडे डिझेल आहे त्यांच्या गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून महामार्गावर सलग चालावी लागते. जो फक्त बाजारात फिरतो त्याचा फिल्टर तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च मायलेजची सगळी बचत खाऊन टाकतो. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याने डिझेलचा विचार करावा, इतरांनी करू नये.

विजेच्या गाडीबद्दलही विचारणा होते. छोटी विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते, म्हणजे घरच्या विजेवर किलोमीटरचा खर्च दीड रुपयाच्या आसपास येतो. सुरुवातीपासून पूर्ण जोर मिळतो, ही तिची आणखी एक खुबी. पण गाडी आपल्या जागेत उभी राहते का आणि तेथे आपल्या मीटरची वीज पोचते का, हा पहिला प्रश्न आहे. ज्याची गाडी रात्री गल्लीच्या तोंडाशी उभी असते, त्याने घाई करू नये.

इंधनात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज काही टक्क्यांनी घटते. जुन्या गाडीत ही घट जास्त दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती कोणत्या साली बनली आणि कंपनीच्या पुस्तकात कोणते इंधन लिहिले आहे, हे पाहून घ्यावे.

वेगाबद्दल दोन शब्द. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो की तो दीडपटीहून अधिक होतो आणि १२० वर सव्वादोन पट. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हापासून नाशिकहून भिवंडीकडे जाणारे आमचे बरेच बांधव इगतपुरीहून त्या मार्गाने जातात. वेळ वाचतो, हे खरे. पण १२० ने गाडी पळवून मायलेज मिळत नाही अशी तक्रार करू नये. आणि छतावर कॅरिअर लावून त्यावर गठ्ठा बांधला की मायलेज आणखी खाली येते.

उपयोग : येथेच खरा निर्णय होतो

आमची पहिली गाडी १९९७ साली घेतलेली जुनी मारुती व्हॅन होती. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, दिसायला डबा, पण मागचे दार उघडले की तागे सरळ आत जात. चौदा वर्षे तिने दुकान चालवले. २०११ साली आमची परिस्थिती बरी झाली आणि लोक काय म्हणतील या विचाराने आम्ही डिकीची लांब डिझेल गाडी घेतली. ताकद उत्तम, मायलेजही चांगले. आमच्या तीनपैकी दोन अपेक्षा पुऱ्या झाल्या आणि तिसरीकडे आम्ही पाहिलेच नाही.

डिकी लांब होती, पण तोंड अरुंद. तागे आत जाताना कडा मळत. मग आम्ही मागच्या सीटवर माल ठेवू लागलो. २०१४ च्या पावसाळ्यात चांदवडजवळ राहुड घाट उतरत असताना मागे तीस तागे होते. मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम कापड धरले तर शंभर मीटरचा तागा दहा-बारा किलोचा होतो, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो वजन. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, आमची गाडी वेळेत थांबली नाही. धडक फार जोराची नव्हती. पण मागचे तागे पुढे सरकले आणि शेजारी बसलेल्या आमच्या भाच्याच्या खांद्याचे हाड मोडले. तो रुग्णालयात असताना त्याच्या अम्मीसमोर उभे राहताना आम्हाला काय वाटले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. भाचा बरा झाला, पण त्या दिवसानंतर आम्ही माणूस आणि माल एका गाडीत घातला नाही.

पुढे विम्याचा दावा केला. सर्व्हेअरने गाडीचे आणि मालाचे फोटो काढले होते. विमा कंपनीने दावा नाकारला आणि पॉलिसीतले कलम दाखवले. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. गाडी भाड्याने चालवणे आणि मालाची वाहतूक करणे त्यात बसत नाही. फक्त नमुने आणि स्वतःचे सामान यांची सूट आहे. आमची स्वाक्षरी त्या कागदावर होती, वाचलेले मात्र एक अक्षर नव्हते. एक लाख चाळीस हजारांची दुरुस्ती खिशातून गेली.

म्हणून वाचक बांधवांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की हे कलम आजच आपल्या पॉलिसीत शोधून वाचावे. चार-पाच नमुन्याचे तुकडे घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे वेगळे आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत रोज माल वाहणे वेगळे.

ज्याला माल वाहायचाच आहे त्याने छोटी मालवाहू गाडी घ्यावी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. फिटनेस प्रमाणपत्र आणि मालवाहू गाडीचा विमा मात्र लागतो. चालकाच्या परवान्याची अडचणही मिटली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो.

करातही फरक आहे. व्यापाऱ्याने चालकासह तेरा आसनांपर्यंतची प्रवासी गाडी घेतली तर तिच्यावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. मालवाहू गाडीवर ते मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र कोणतेच क्रेडिट नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि मालवाहू गाड्यांवरही १८ झाला. आयकरात व्यवसायाच्या गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. आपल्या हिशेबनिसाला विचारूनच बिल कोणाच्या नावाने करायचे ते ठरवावे.

शोरूममध्ये जाताना खिशात मापाची पट्टी असू द्यावी. डिकीचे लिटर विचारू नयेत, दाराची रुंदी मोजावी. सामान किती उंच उचलून ठेवावे लागते ते पाहावे, कारण दिवसातून दहा वेळा उचलणाऱ्याची कंबर त्यावर अवलंबून असते. मागची सीट पूर्ण सपाट होते का, चाकांचे फुगवटे आत किती येतात, हे पाहावे. पुस्तकात गाडीचे एकूण वजन आणि रिकामे वजन दिलेले असते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आपण घालू शकतो ते वजन. हलक्या छोट्या गाडीत ते साडेचारशे ते पाचशे किलो असते. पाच माणसे बसली की त्यातले साडेतीनशे संपले. आणि शेवटी आपली गल्ली मोजावी. शोरूमच्या अंगणात सगळ्याच गाड्या वळतात.

तिन्हींचा मेळ कसा घालावा?

आमच्या वाचकांपैकी तीन प्रकारच्या बांधवांचे उदाहरण देतो.

पहिला सुताचा किंवा कापडाचा दलाल. त्याच्याकडे माल नसतो, नमुने असतात. धाव महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर, बहुतेक महामार्गावर. त्याला मायलेज पहिले आणि ताकद दुसरी. एक ते सव्वा लिटरची सीएनजी गाडी त्याला योग्य.

दुसरा आठवडे बाजार करणारा कापडवाला. आज मनमाड, उद्या सटाणा. माल रोज चढतो-उतरतो, धाव मध्यम, वेग कमी. त्याला उपयोग पहिला. घरासाठी म्हणून मोठी गाडी घेऊन तिच्यात माल भरण्याऐवजी त्याने छोटी मालवाहू गाडी घ्यावी.

तिसरा कारखानदार किंवा कारागीर, ज्याची धाव महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटर. कधी मोटार दुरुस्तीला न्यायची, कधी सुटे भाग आणायचे, कधी घरच्यांना दवाखान्यात न्यायचे. त्याला मायलेजच्या मागे धावण्याचे कारणच नाही. इंधनात तो महिन्याला फार तर हजार रुपये वाचवील. त्याने चांगल्या स्थितीतली जुनी पेट्रोल गाडी, ओळखीच्या मिस्त्रीला दाखवून आणि सर्व्हिसचे कागद पाहून घ्यावी. राहिलेला पैसा धंद्यात ठेवावा. सूत नगदीने घेणाऱ्याला भावात जी सूट मिळते ती कोणत्याही मायलेजपेक्षा मोठी असते.

हीच गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. गाडी पहिल्या दिवसापासून स्वस्त होत जाते, धंद्यातला माल फिरत राहतो. दोन लाख रुपये जास्त देऊन मोठी गाडी घेतली तर ते दोन लाख सुताच्या गोण्यांतून काढलेले असतात. कर्जावर घेणाऱ्याला त्यावर व्याजही भरावे लागते. व्याज टाळणारे आपले पुष्कळ बांधव रोखीने घेतात, त्यांनी तर हा विचार अधिकच करावा, कारण त्यांचे भांडवल एका रात्रीत कमी होते.

आज आमच्याकडे एक छोटी सीएनजी गाडी आहे आणि एक जुनी मालवाहू गाडी आहे. दोन्ही मिळून त्या लांब डिझेल गाडीपेक्षा कमी पैशांत आल्या. गल्लीत कोणी वळून पाहत नाही. पण माल मालाच्या गाडीत जातो, माणसे माणसांच्या गाडीत बसतात आणि भाचा आता स्वतः ती चालवतो. पहिल्या दिवशी चावी त्याच्या हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "मामू, पॉलिसी दाखवा, आधी वाचतो." आम्ही दिली. आपणही गाडी घेण्यापूर्वी महिनाभर वही लिहावी, आणि घेतल्यावर पॉलिसी वाचावी. या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही.